गर्डरचा कॅम्बर मॉडेलशी जुळत नाही? आकडे बदलण्याआधी लोड केस सुटे करा

लक्षणं

प्रीस्ट्रेस गर्डर म्हणजे आतल्या ताणलेल्या केबलनी आधीच दाबून ठेवलेली पुलाची तुळई, आणि त्या दाबाने ती मध्यावर जेवढी वर उचलली जाते तो तिचा कॅम्बर. अशा गर्डरच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये काहीतरी चुकलंय हे बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखाद्या तक्रारीतून कळतं.

मॉडेल म्हणतं गर्डर ४० मिमी वर येईल, साइटवर तो १० मिमीच आला. किंवा उलट, साइटवर व्यवस्थित कॅम्बर आहे आणि मॉडेलमध्ये गर्डर खाली बसलाय. कधी कॅम्बर अगदी बरोबर येतो, पण मध्यावर तळातलं कॉम्प्रेशन हाताच्या हिशेबापेक्षा पाच-साडेपाच एमपीएने कमी दिसतं. कधी केबलमधलं बल टोकाला पूर्ण आणि मध्यावर शून्य. नॉनलिनिअर मॉडेल (काँक्रीटचे तडेही हिशेबात धरणारं) असेल तर प्रीस्ट्रेसच्या पहिल्याच स्टेपला सॉल्व्हर थांबतो. आणि सगळ्यात जास्त फोन येतात ते यासाठी: "मॅडम, स्ट्रेसिंगच्या (केबल ओढण्याच्या) दिवशी जुळलं होतं, आता लाँचिंगच्या (गर्डर जागेवर चढवण्याच्या) आधी लेव्हल घेतली तर कॅम्बर जवळजवळ दुप्पट आहे."

पुण्यात आणि आसपास पुलांची कामं सतत चालू असतात, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे दर महिन्या-दोन महिन्यांनी येतात. चुका मोजक्याच असतात आणि त्याच त्या असतात. त्या शोधायचा क्रम मात्र बहुतेकांचा उलटा असतो. पहिला हात जातो काँक्रीटच्या ई वर (इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा) किंवा प्रीस्ट्रेसच्या बलावर. आकडा जुळेपर्यंत ते वरखाली केले जातात आणि मॉडेल 'कॅलिब्रेट' झालं असं जाहीर होतं. ते करू नका. का, ते एका उदाहरणावरून सांगते. पुढच्या सगळ्या तपासण्यांना हेच उदाहरण घेऊ.

३० मीटरचा, साध्या आधारांवरचा, पोस्ट-टेन्शन्ड (काँक्रीट घट्ट झाल्यावर केबल ओढलेला) आय गर्डर. स्लॅब अजून पडलेला नाही. खोली २ मीटर, क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर, आय (सेक्शनचा वाकण्याला विरोध दाखवणारा आकडा) ०.३० मीटर घात ४, सेंट्रॉइड (सेक्शनचा मध्यबिंदू) तळापासून १ मीटरवर. काँक्रीट एम ४५, ई ३४ जीपीए. केबल पॅराबोलिक, टोकाला सेंट्रॉइडवर, मध्यावर ०.८ मीटर खाली. लॉस, म्हणजे घर्षण वगैरेंमुळे केबलच्या बलात होणारी घट, वजा जाता मध्यावरचं बल ४००० किलोन्यूटन.

प्रीस्ट्रेसचं वर ढकलणारं समतुल्य वजन म्हणजे ८ × बल × एक्सेंट्रिसिटी (केबल सेंट्रॉइडपासून किती खाली आहे ते अंतर) भागिले लांबीचा वर्ग, म्हणजे मीटरला २८.४ किलोन्यूटन. त्याने गर्डर २९.४ मिमी वर येतो. स्वतःचं वजन मीटरला १८ किलोन्यूटन, त्याने १८.६ मिमी खाली जातो. उरतो १०.८ मिमी कॅम्बर.

हा १०.८ म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे. प्रीस्ट्रेसमध्ये १० टक्के चूक झाली की २९.४ मध्ये जेमतेम ३ मिमीचा फरक पडतो, पण १०.८ मध्ये तोच फरक २७ टक्के होतो. म्हणून निव्वळ कॅम्बरकडे बघून चूक कुठे आहे ते कधीच कळत नाही. दोन पूर्ण वेगळ्या चुका एकच आकडा देऊ शकतात, त्याचा नमुना आधारांच्या तपासणीत देते.

पहिली तपासणी: सुटे लोड केस, पाच मिनिटं

लोड केस म्हणजे एकेक भार वेगळा लावून काढलेलं उत्तर. त्यांची बेरीज करणारं कॉम्बिनेशन बंद करा. प्रीस्ट्रेस एकटा चालवा, स्वतःचं वजन एकटं चालवा.

एकट्या वजनात सगळ्या रिअ‍ॅक्शनची (आधारांच्या उलट बलांची) बेरीज गर्डरच्या वजनाएवढी यायला हवी. इथे १८ × ३० म्हणजे ५४० किलोन्यूटन. १०८० आली तर वजन दोनदा लागलंय: एकदा सॉफ्टवेअरने घनतेवरून आपोआप घेतलं, एकदा तुम्ही युनिफॉर्म लोड म्हणून दिलं. शून्य आली तर घनता किंवा गुरुत्वाचं एकक तपासा. मिलिमीटर आणि न्यूटनमध्ये मॉडेल करणाऱ्यांची घनता फार वेळा चुकते.

एकट्या प्रीस्ट्रेसमध्ये साध्या आधाराच्या गर्डरला उभी रिअ‍ॅक्शन शून्य यायला हवी. प्रीस्ट्रेस हे बाहेरचं वजन नाही, ते गर्डरच्या आतलं आतच समतोल साधतं. रिअ‍ॅक्शन दिसत असेल तर टोकाची अँकरची बलं द्यायची राहिली आहेत किंवा केबल कुठेतरी मॉडेलपासून सुटली आहे. सलग (दोनपेक्षा जास्त आधारांवरच्या) गर्डरमध्ये मात्र सेकंडरी रिअ‍ॅक्शन येणारच, पण त्यांची बेरीज तिथेही शून्यच हवी.

आता डिफ्लेक्शन. प्रीस्ट्रेसने गर्डर खाली जात असेल तर एक्सेंट्रिसिटीचं चिन्ह उलट आहे, निव्वळ उत्तर ४८ मिमी खाली येईल. प्रीस्ट्रेसमध्ये ५८.८ मिमी आले तर केबल दोनदा लागली आहे. हे सहसा फाइल कॉपी करताना होतं, किंवा समतुल्य वजनही दिलं आणि केबलही काढली तेव्हा.

माझ्याकडे आलेल्या मॉडेलपैकी निम्म्याहून जास्त इथेच सुटतात. पैसे लागत नाहीत, साइटवर जावं लागत नाही.

दुसरी तपासणी: आधार

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक सगळ्यात शांतपणे लपते.

प्रीस्ट्रेस दिला की गर्डर आखूड होतो. आपल्या उदाहरणात सुमारे ४.९ मिमी. दोन्ही टोकांना पिन (सरकू न देणारा आधार) दिली तर त्याला आखूड होता येत नाही. मग केबलचं बल काँक्रीटमध्ये जाण्याऐवजी आधारांमध्ये जातं. गर्डर लाइन एलिमेंटचा (एका रेषेने दाखवलेला) असेल आणि पिन सेंट्रॉइडवरच असेल तर वाकण्यावर परिणाम होत नाही, कॅम्बर बरोबर १०.८ येतो. पण बल भागिले क्षेत्रफळ, म्हणजे ५.६ एमपीए कॉम्प्रेशन, गायब होतं. कॅम्बर जुळला म्हणून खूश होऊन पुढे गेलात तर त्यानंतरचा प्रत्येक स्ट्रेस चुकीचा आहे.

सॉलिड किंवा शेल एलिमेंटचं मॉडेल असेल, किंवा रिजिड लिंक देऊन आधार तळाच्या पातळीला नेला असेल, तर प्रकार आणखी वेगळा होतो. आता आधार सेंट्रॉइडच्या १ मीटर खाली आहे. गर्डर आखूड होताना आणि टोकं फिरताना तळाची टोकं आत यायला बघतात, पिन त्यांना धरून ठेवते, आणि ती आडवी ओढ गर्डरला खाली वाकवते. हिशेब केला तर सुमारे १७३० किलोन्यूटन आडवी रिअ‍ॅक्शन येते, त्याने १९ मिमी खाली. १०.८ वर येणारा गर्डर मॉडेलमध्ये ८ मिमी खाली बसलेला दिसतो.

आता मघाशी म्हटलं तो नमुना. स्वतःचं वजन चुकून दोनदा लागलं तरी उत्तर २९.४ वजा ३७.२, म्हणजे ८ मिमी खालीच येतं. निव्वळ आकडा तोच, चूक पूर्ण वेगळी. सुटे केस बघितले की मात्र लगेच वेगळं दिसतं. वजन दुप्पट असेल तर एकट्या वजनात ३७ मिमी खाली आणि एकट्या प्रीस्ट्रेसमध्ये २९ मिमी वर. पिन दोन्हीकडे असतील तर एकट्या वजनात फक्त ८ मिमी खाली आणि एकट्या प्रीस्ट्रेसमध्ये जवळजवळ शून्य. अशा मॉडेलमध्ये प्रीस्ट्रेस कितीही वाढवा, गर्डर वर येणारच नाही.

एका टोकाला रोलर (आडवं सरकू देणारा आधार) द्या. खऱ्या पुलावर इलॅस्टोमेरिक (रबराचं) बेअरिंग असेल तर त्याचा आडवा कडकपणा स्प्रिंग म्हणून द्या, तो गर्डरच्या मानाने फार कमी असतो. मग एकट्या प्रीस्ट्रेसमध्ये आडवी रिअ‍ॅक्शन बघा आणि रोलरकडचं टोक ५ मिमीच्या आसपास सरकतंय का ते बघा. उभ्या रिअ‍ॅक्शन या चुकीत अगदी बरोबर येतात, म्हणून फक्त त्यांच्यावर विसंबू नका.

तिसरी तपासणी: साइटला एक फोन

मॉडेल बरोबर असून साइटचं मोजमाप वेगळं असू शकतं. तीन गोष्टी विचारा.

पहिली, लेव्हल कधी घेतली. कास्टिंग यार्डमध्ये उघड्यावर ठेवलेल्या गर्डरचा माथा एप्रिलच्या दुपारी तापतो, तळ सावलीत असतो. वर-खाली १० अंशांचा फरक सरळ रेषेत धरला तरी या गर्डरला त्याने जवळजवळ ७ मिमी जास्तीचा कॅम्बर येतो. निव्वळ कॅम्बर ११ मिमी असताना हे ७ मिमी म्हणजे किती ते बघा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी हेच चुकले. चाकणच्या बाजूच्या एका यार्डातून दुपारी तीनची लेव्हल आली, साडेसतरा मिमी. मी मॉडेलमधला प्रीस्ट्रेस वीस टक्क्यांहून जास्त वाढवून तो आकडा जुळवला. माझ्या वरिष्ठांनी कागद न वाचताच विचारलं, "रीडिंग किती वाजताचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा लेव्हल घेतली, ११ मिमी. वाढवलेल्या प्रीस्ट्रेसवर मी पुढचे सगळे स्ट्रेस काढून ठेवले होते, ते सगळे फेकावे लागले. तेव्हापासून मी सूर्योदयाच्या आसपासचं रीडिंग नसेल तर तुलनाच करत नाही.

दुसरी, शून्य कुठलं धरलंय. बेडचा साचा सपाट होता की आधीच थोडा उचललेला किंवा दाबलेला होता? स्ट्रेसिंगच्या आधीचं रीडिंग आहे का? नसेल तर तुमच्याकडे कॅम्बर नाही, फक्त गर्डरचा आकार आहे.

तिसरी, स्ट्रेसिंग रजिस्टर. त्यात प्रत्येक केबलचा गेजचा दाब आणि वाढ असते. अशा ३० मीटर केबलची वाढ दोन्ही टोकांची मिळून २१० मिमीच्या आसपास यायला हवी, जॅकमधल्या स्ट्रँडची लांबी वेगळी धरून. ही वाढ म्हणजे केबलमध्ये प्रत्यक्ष किती बल गेलं याचा साइटवरचा सगळ्यात चांगला पुरावा. ती सैद्धांतिक वाढीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर मॉडेलमधल्या बलाला हात लावायचं कारण नाही.

चौथी तपासणी: लॉस

केबलच्या लांबीवर बलाचा आलेख काढा. टोकाकडून मध्याकडे हळू उतरता यायला हवा, आणि वेज (केबल अँकरमध्ये पकडणारी पाचर) बसताना झालेल्या स्लिपमुळे टोकाशी थोडा दबलेला.

मध्यावर शून्य असेल तर वॉबलचा (शीथिंग, म्हणजे केबलची नळी, थोडी वाकडीतिकडी असल्याने होणाऱ्या घर्षणाचा) गुणांक, ज्याला आपण के म्हणतो, चुकीच्या एककात गेलाय. एचडीपीईच्या शीथिंगसाठी आयआरसी ११२ (काँक्रीट पुलांचा भारतीय कोड) मध्ये म्यू (वळणावरच्या घर्षणाचा गुणांक) ०.१७ आणि के ०.००२ प्रति मीटर आहे. मॉडेल मिलिमीटरमध्ये असताना तोच ०.००२ टाकला तर तो हजारपट झाला आणि १५ मीटरवर काहीच उरत नाही.

याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. आपल्या आयएस १३४३ (प्रीस्ट्रेस काँक्रीटचा कोड) आणि आयआरसी ११२ मध्ये घातांकात म्यू × कोन अधिक के × अंतर असं सूत्र आहे. युरोपियन पद्धतीत म्यू कंसाबाहेर असतो, म्हणजे के लाही म्यूने गुणलं जातं. सॉफ्टवेअर युरोपियन कोडवर ठेवून आपला के टाकला तर वॉबलचा लॉस मध्यावर ३ टक्क्यांऐवजी अर्धा टक्का येतो. केबलमध्ये अडीच टक्के जास्त बल, निव्वळ कॅम्बरमध्ये सहा-सात टक्के वाढ. कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही. म्हणून मध्यावरचं बल एकदा हाताने काढून बघाच: कोन ०.१०७ रेडियन, म्यू × कोन ०.०१८, के × १५ म्हणजे ०.०३, एकूण लॉस सुमारे पावणेपाच टक्के.

६ मिमी स्लिपचा परिणाम एवढ्या लांबीच्या गर्डरमध्ये मध्यापर्यंत पोचतो, त्यामुळे तो रकाना रिकामा सोडू नका. दोन्हीकडून स्ट्रेसिंग असेल तर दोन्हीकडे भरा.

मग दुहेरी लॉस. केबल एलिमेंट म्हणून काढली असेल तर काँक्रीट दबल्यावर केबल आपोआप सैल होते, इलॅस्टिक शॉर्टनिंग त्यातच येतं. केबल फक्त वजन म्हणून दिली असेल तर ते आपोआप येत नाही, हाताने वजा करावं लागतं. एलिमेंट वापरून वर हातानेही वजा केलं तर दोनदा झालं. तसंच डिझाइन नोटमधला 'सर्व लॉसनंतरचा' आकडा जॅकिंग बल म्हणून टाकणं. हे खूप दिसतं.

पाचवी तपासणी: काँक्रीटचा ई

आता कुठे ई कडे बघायचं. आणि इथे पुण्याची एक खास गोष्ट आहे जी बरेच जण विसरतात.

आयआरसी ११२ च्या तक्त्यातला ई हा क्वार्ट्झाइट किंवा ग्रॅनाइटची खडी धरून दिलेला आहे. आपल्याकडे वाघोली, मोशीच्या खाणींतून येते ती काळ्या दगडाची, बसाल्टची खडी. तिच्यासाठी तोच कोड ई ला १.२ ने गुणायला सांगतो. ३४ चे ४०.८ जीपीए झाले की प्रीस्ट्रेसचा २४.५ मिमी, वजनाचा १५.५ मिमी, निव्वळ कॅम्बर १०.८ ऐवजी ९.० मिमी. लोड टेस्टमध्ये गर्डर मॉडेलपेक्षा कमी वाकला की लोक आश्चर्य करतात, त्यातला बराचसा भाग हा आपल्या दगडाचा असतो.

उलट बाजूला, स्ट्रेसिंग २८ दिवसांनी होत नाही. सात-दहा दिवसांच्या क्यूबच्या (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्याच्या) ताकदीवर होतं, तेव्हा ई थोडा कमी असतो. क्यूबचे निकाल साइटकडे असतात, त्यावरून त्या दिवसाचा ई काढा. शक्य असेल तर त्याच मिक्सच्या सिलिंडरवर ई ची चाचणी करून घ्या.

एक लक्षात ठेवा: ई बदलला की प्रीस्ट्रेसचा आणि वजनाचा आकडा एकाच प्रमाणात बदलतो. एकच सुटा केस चुकतोय आणि दुसरा बरोबर आहे, तर दोष ई चा नाही.

सहावी तपासणी: टप्पे आणि क्रीप

दोन महिन्यांनी दुप्पट झालेला कॅम्बर ही बहुतेक वेळा चूक नसते, क्रीप असतं, म्हणजे सतत दाबाखाली काँक्रीटचं हळूहळू आकार बदलत जाणं. कोवळ्या वयात स्ट्रेस केलेला गर्डर लाँचिंग रखडलं म्हणून यार्डात पडून राहतो आणि वरच्या दिशेने वाढत राहतो. त्या काळाचा क्रीप गुणांक ०.८ धरला तर १०.८ चे १९ मिमी होतात, दरम्यानच्या लॉसमुळे थोडे कमी. मॉडेलमध्ये तारखा खऱ्या टाका: काँक्रीट कधी, स्ट्रेसिंग कधी, स्लॅब कधी. डिझाइनमधल्या आदर्श तारखा नकोत. हवेतल्या आर्द्रतेचाही विचार करा, पुण्याचा मार्च आणि पुण्याचा जुलै क्रीप-श्रिंकेजच्या दृष्टीने दोन वेगळी गावं आहेत.

टप्पे हवेतच. पूर्ण कॉम्पोझिट (गर्डर अधिक स्लॅब) सेक्शनवर पहिल्या दिवसाचा प्रीस्ट्रेस लावलेली मॉडेल मी अजूनही बघते. स्लॅबचं ओलं काँक्रीट एकट्या गर्डरवर येतं, स्लॅबसहित सेक्शनवर नाही. हे चुकलं तर वरची कुठलीच तपासणी उपयोगाची नाही.

सातवी तपासणी: नॉनलिनिअर मॉडेल थांबतंय

इथे सर्वात जास्त वेळ जातो, आणि कारण सहसा साधं असतं. पहिल्या स्टेपला प्रीस्ट्रेस आणि दुसऱ्या स्टेपला वजन असं दिलेलं असतं. आपल्या गर्डरमध्ये एकट्या प्रीस्ट्रेसने माथ्यावर सुमारे ५.१ एमपीए टेन्शन येतं. एम ४५ ची सरासरी टेन्साइल ताकद ३.३ च्या आसपास. म्हणजे मॉडेलमधला गर्डर वजन येण्याआधीच माथ्यावर फुटतो आणि सॉल्व्हर अडकतो. प्रत्यक्षात केबल ओढली की गर्डर बेडवरून उचलला जातो आणि त्याचं वजन त्याच क्षणी कामाला लागतं, माथ्यावर दीड एमपीएच्या आसपास कॉम्प्रेशनच राहतं. म्हणून वजन आणि प्रीस्ट्रेस एकाच स्टेपमध्ये, लहान वाढीने, सोबत वाढवा.

तरीही थांबत असेल तर अँकरखालचा भाग बघा. केबलचं बल एकाच नोडवर दिलं की तिथला काँक्रीट कागदावर चिरडतो. प्लेट काढा किंवा बल पसरवा, नाहीतर टोकाचा एक मीटर लिनिअर ठेवा. तडा जाईपर्यंत लोड वाढवायचा असेल तर डिस्प्लेसमेंट कंट्रोल वापरा. मेश अर्धं करून पुन्हा चालवा. उत्तर बदलत असेल तर तड्याची ऊर्जा एलिमेंटच्या आकाराशी बांधलेली नाही, आणि तो आलेख कुणाला दाखवण्याजोगा नाही.

कुठे थांबायचं

वरचं सगळं कागदावरच्या गर्डरसाठी आहे. पुढच्या गोष्टी दिसल्या तर मॉडेल बंद करा आणि अनुभवी ब्रिज डिझायनरला आणि प्रूफ कन्सल्टंटला (डिझाइन स्वतंत्रपणे तपासणाऱ्याला) बोलवा.

केबलची वाढ ५ टक्क्यांपेक्षा जास्त चुकली आहे आणि कारण सापडत नाही. कॅम्बर महिन्यागणिक कमी होतोय, वजन वाढलेलं नसताना. तळाला किंवा अँकरजवळ तडे आहेत, शीथिंगच्या रेषेवर गंजाचे डाग आहेत. ग्राउटिंग (शीथिंगमध्ये सिमेंटचा गारा भरणं) अर्धवट झाल्याची शंका आहे. लोड टेस्टनंतर २४ तासांत प्रीस्ट्रेस पुलाचं डिफ्लेक्शन किमान ८५ टक्के परत आलेलं नाही. यातलं काहीही मॉडेलमधला आकडा बदलून बरं होत नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत, 'मॉडेल म्हणतंय बल जास्त आहे' म्हणून साइटला केबल सैल करायला किंवा पुन्हा ओढायला सांगू नका. ते काम प्रीस्ट्रेसिंगच्या प्रशिक्षित टीमचं आहे, जॅकच्या मागे उभ्या माणसाचा जीव त्यात जाऊ शकतो.

त्यांना बोलवताना हे कागद हाताशी ठेवा: स्ट्रेसिंग रजिस्टर, क्यूबचे निकाल, काँक्रीट-स्ट्रेसिंग-स्लॅबच्या तारखा, वेळ आणि तापमानासकट घेतलेली लेव्हलची रीडिंगं, आणि प्रीस्ट्रेस व वजन यांच्या सुट्या केसचे आकडे व रिअ‍ॅक्शन. पूर्ण मॉडेलची फाइल नंतर दिली तरी चालेल, ते आधी हेच मागतील.